गणूभावजींची होडी-मोटार

शिमग्याला मी माहेरी हेदवीला गेले होते. जयगडच्या तरीपर्यंत मला गणूभावजींनीच त्यांच्या मोटारीतून सोडलं. मी होडीत बसले तेव्हा ते धक्क्यावर उभे होते. म्हणाले, परतायचं ठरलं की निरोप धाडा, मी इथेच असेन, मोटार तुम्हाला पलीकडच्या काठावरूनच दिसेल. मी म्हटलं, "भावजी, दिसायच्या आधी तिचा वास येईल." ते हसले आणि होडी सुटली. आमचं शेवटचं बोलणं हे असं, चेष्टेचं. पुढे पालखी घरोघर फिरून देवळात बसते न बसते तोच एका दुपारी पाखाडीच्या दगडी वाटेवरून गणूभावजींचे पाठचे भाऊ विष्णू चालत येताना दिसले. धुळीने भरलेले पाय, हातात नुसती छत्री. विष्णू आणि गणूभावजी म्हणजे एकाच साच्यातले मोदक, पण मी क्षणभरसुद्धा फसले नाही. न्यायला गणूभावजी येणार होते आणि आले होते विष्णू, तेही पायी. ते काही बोलायच्या आतच मी पडवीच्या खांबाला धरून खाली बसले. तापाचं निमित्त झालं, एवढंच ते म्हणाले.

त्याला आता काही आठवडे झाले. दीर गेला म्हणून भावजयीने लिहायला बसावं अशी काही रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण रत्नागिरीत ज्यांनी ज्यांनी ती मोटार पाहिली ते सगळे भेटले की मोटारीचंच विचारतात, आता तिचं काय करणार म्हणून. मोटारीबद्दल विचारतात, माणसाबद्दल नाही, याचा मला राग येतो. मी मुळातली फटकळ, तेव्हा म्हटलं, सांगूनच टाकावं एकदा, ती मोटार कशासाठी होती ते.

आमच्या घरात पाच भाऊ. थोरले म्हणजे आमचे हे. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. मग बापू, मग गणू, मग विष्णू, आणि शेवटी दत्तू. पाचही जणांचं नाक एक, घारे डोळे एक, चालणं एक, आणि आवाज तर असा एक की माजघरात बसून ओटीवर कोण बोलतंय ते सांगावं म्हटलं तर शपथ. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा हेच बसलेत असं समजून बापूंच्या पुढ्यात ताक नेऊन ठेवलं होतं, ते अजून सणासुदीला उकरून काढतात. थोरला थोरला म्हणून ओळखला जातो, धाकटा शेंडेफळ म्हणून. मधल्याने काय करावं? सासूबाईंना गणूभावजींना हाक मारायची असली की "नाना... बापू... विष्णू... अरे, तू रे!" अशी सगळी जपमाळ ओढून व्हायची. बागेतले गडी, बाजारातले वाणी, देवळातला गुरव, सगळे त्यांना विचारायचे, तुम्ही त्यातले कितवे? दुसरा कुणी असता तर हसून सोडून देता. तेही हसायचे, पण सोडून देत नसत. रात्री जेवताना घास हातात धरून मध्येच कुठेतरी बघत राहायचे, तेव्हा मला कळायचं.

आणि त्यांच्या लग्नाचं जे झालं ते तर मी मेल्यावरही विसरणार नाही. राजापूरकडचं स्थळ होतं. पत्रिका गणूभावजींची दिलेली. मुलीचे वडील आले ते नेमके विष्णू ओटीवर बसलेले असताना, आणि विष्णूंची जीभ म्हणजे पावसाळ्यातला वहाळ. गृहस्थ दोन घटका त्यांच्याशी बोलले, खूश झाले, आणि आत येऊन ह्यांना म्हणाले, मुलगा पसंत आहे. गणूभावजी तेव्हा तिथेच त्यांना पन्ह्याचं भांडं देत होते. चूक लक्षात आली, सगळे ओशाळले, पण गृहस्थांचं मन विष्णूंवर बसलं होतं. मग विष्णूंची पत्रिका काढली, तीही जुळली. वडीलधारे म्हणाले, दोन्ही मुलगे आपलेच, काय फरक पडतो! लग्नात गणूभावजी मुंडावळ्या आणायला धावले, पंक्तीत वाढायला धावले. मला त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचा राग आला होता. पुढे दुसरी स्थळं आली, पण त्यांनी कशालाच हो म्हटलं नाही.

मोटारीचं वेड लागलं ते त्यानंतर. सव्वीस-सत्तावीस सालचा सुमार असेल. रत्नागिरीत मोटारी मोजक्याच. डॉक्टरांची एक, साहेबाची एक, कुणा बड्या वकिलाची एक, आणि आगबोटीच्या उतारूंना घाटावर नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी. झाडून साऱ्या काळ्या. संध्याकाळी गणूभावजी बागेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. मी वाळवण गोळा करायला गेले की मला सांगायचे, ही गेली ती कुणाची, सांगा बघू. मला काय कळणार? तर म्हणायचे, मलाही कळत नाही, तेच तर वाईट. मी म्हटलं, मग तुम्ही पोपटी रंगाची घ्या. ते म्हणाले, त्याचा विचार केव्हाच करून झाला. आपला हा तांबडा धुरळा असा की कुठलाही रंग लावा, हातखंब्यापर्यंत जाऊन आलं की सगळ्या मोटारी सख्खी भावंडं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, मला मोटारीची हौस नाही. ती लांबून दिसली की कुणीतरी 'गणू आला' म्हणायला हवं, एवढंच."

मी वाळवणाचं सूप तसंच घेऊन घरात आले.

पुढच्या वर्षी आंबा चांगला पिकला आणि त्यांच्या वाट्याचं सगळं त्यांनी त्या वेडात घातलं. मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाची जुनी मोटार होती, तिचा टप, दारं, पत्रा सगळं खाऱ्या हवेने खाल्लेलं. इंजिन आणि खालचा सांगाडा तेवढा धड. मंगलोरी कौलं मुंबईला पोचवून परतणाऱ्या पडावातून, म्हणजे मालाच्या गलबतातून, तो सांगाडा मिऱ्याच्या बंदरावर उतरला. हे कपाळाला हात लावून म्हणाले, गणूने मोटारीची हाडं आणली. गणूभावजी मात्र किनाऱ्यावर त्या हाडांशेजारी असे उभे होते जसं काही विमानच उतरलंय. रंगाने काम भागत नाही, तर आकारच वेगळा हवा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि तो आकार डोळ्यांसमोरच होता. मिऱ्याला दाऊद मिस्त्री होते, होड्या बांधणारे. त्यांच्या होड्या हर्ण्यापर्यंत नावाजलेल्या. भावजींनी त्यांना सांगितलं, या सांगाड्यावर होडी बांधा.

मिस्त्रींनी आधी वेड्यात काढलं आणि मग स्वतःच वेडे झाले. कामाच्या जागेवर माडाच्या झापांची खोप होती, तिच्यात ते दोघं दिवसचे दिवस असायचे. मी एकदोनदा जेवणाचा डबा पोचवायला गेले. समोर समुद्र, ओहोटीची ओली वाळू, फणसाच्या पिवळ्याजर्द फळ्या आणि त्यांचा भुसा उडून दोघांच्या केसांत बसलेला. बोलायचं असलं तरी दोघं हळू आवाजात बोलायचे, देवळात बोलावं तसं. पुढची नाळ, होडीची चोच, वर उचललेली, मागे निमुळती होत गेलेली, कडा अशा वळवलेल्या की हात फिरवावासा वाटे. चाकं नसती तर ती सरळ पाण्यात गेली असती. मला तिथे बसलं की डुलकी यायची आणि डुलकीत ती खरंच पाण्यात जायची. दारं मात्र मिस्त्रींनी केलीच नाहीत. भावजींनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, होडीला दार कुणी केलंय काय? पाय टाकून आत यायचं. म्हणून शेवटपर्यंत आम्ही बायका पाटावर चढून, लुगडं सावरत त्या मोटारीत उतरायचो.

आणि मग मिस्त्रींनी केलं ते, जे होड्या बांधणारा माणूसच करील. मोटार घरी न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी कुणाला न विचारता, मोठ्या मायेने, ती आतून-बाहेरून मुशीच्या तेलाने माखली. मुशी नावाच्या माशाच्या काळजाचं तेल, नव्या होडीला पाजतात ते. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकावं म्हणून. त्यांच्या लेखी ही पाठवणी होती. सकाळी त्यांच्या बायकोने नाळेवर नारळ फोडला, आणि भावजी कपाळाला कुंकू लावून निघाले. बाजारातून येताना लोक दुकानं टाकून बाहेर आले. भावजींना वाटलं, आकार बघून. होता तसाच आकार, पण आमच्या आळीत शिरेपर्यंत मोटारीमागे मांजरांची वरात लागली होती.

अंगणात काय झालं ते काय सांगू... हे नाकाला उपरणं लावून खाली आले. सोवळ्याओवळ्याचं घर, ओटीवर सासूबाई, आणि दारात मासळीबाजार. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता हे धूड बाहेर काढ. शेजारचे गडग्यावरून डोकावून हसत होते. कुणीतरी म्हणालं, गणूने मोटार नाही, म्हावऱ्याची पाटी आणली. भावजींनी मोटार बागेतल्या मांगरात, आंबे भरायच्या खोपीत, नेऊन ठेवली. मग शिकेकाई झाली, रिठे झाले, चुलीतली राख, चिंच, लिंबू झालं. लाकूड प्यायलं होतं, ते काय परत देतं? मिस्त्रींना बोलावलं तर ते दुखावले. म्हणाले, "लाकडाला तेल नाय पाजलं तर ता तडकंल, भाऊ. मी तुमच्यासाठी चांगलातला चांगला घातलाय." त्यांना आमची अडचण कळेना आणि आम्हाला त्यांची माया. गावात नाव मात्र झालं. पोरं भावजींना बघून नाक धरायची. लांबूनच लोक म्हणायचे, गणूचं तेल आलं. जे मागितलं होतं ते असं उलटं होऊन पदरात पडलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, वहिनी, उद्या फळ्या उतरवतो. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

त्याच संध्याकाळी ते मांगरातून घराकडे आले. सासूबाई ओटीवर झोपाळ्यावर बसून वाती वळत होत्या. त्यांची नजर त्याआधीच एकदोन वर्षं गेलेली; मोतीबिंदू. आधी दिसत असून नावं चुकायची, मग तर काय, पाच जणांचा आवाज एक. म्हणून भावजी त्यांच्यासमोर शक्यतो बोलतच नसत, उगाच जपमाळ नको म्हणून. तसेच न बोलता ते वर आले. सासूबाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "गणू, आलास होय?"

मी दारात होते. भावजी जागच्या जागी उभे राहिले. नाना नाही, बापू नाही, विष्णू नाही, पहिली हाकच गणू. ते कसेबसे म्हणाले, "आई, मीच." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग काय नाना येणाराय, असलं तेल अंगाला फासून? डोळे गेले, आता नाक तरी राहू दे कामाला." मी तोंडाला पदर लावला. हसू की रडू ते कळेना. फळ्या अर्थात उतरल्या नाहीत. ह्यांनी तोंड उघडलं तर सासूबाईंनी एका वाक्यात गप्प केलं, की वासाने बाटत नाही, जिभेने बाटतं.

त्यानंतरची दहा वर्षं गणूभावजी सुखात होते असं मी म्हणेन. मोटार बागेतच राहायची. दर वैशाखात, पावसाआधी, ते आणि मिस्त्री मिळून तिला तेल पाजायचे, आणि रोज संध्याकाळी ओटीवर ती एक हाक ठरलेली. चेष्टा करणारे थकले. मांजरंसुद्धा थकली. गावाला मोटारीची सवय झाली आणि त्यांना 'कितवे' असं विचारणं बंद झालं.

एकदा मार्गशीर्षात त्यांनी सासूबाईंना मोटारीतून फिरायला नेलं. धरायला मी होतेच मागे. वर सड्याच्या माळावर आलो, तिथे कातळावर गुडघाभर गवत पिवळं पडून वाळलं होतं आणि खालून, पार खालून, समुद्राची गाज येत होती. ऊन उतरलेलं. मोटार अशी हळू चालवत होते की इंजिन झोपेत बोलतंय असं वाटावं. सासूबाईंनी कडेवरून हात बाहेर सोडला होता, गवताची टोकं त्यांच्या बोटांना लागत होती. त्यांनी विचारलं, हे काय लागतंय रे? भावजी म्हणाले, पाणी, आई. आपण समुद्रात आलो. मग डावीकडे शिडं दिसतायत म्हणाले, पांढरी आहेत, एक तांबडं आहे. सासूबाई म्हणाल्या, लांब आहेत का? ते म्हणाले, जवळ येतायत. मी मागून बघत होते. गवत वाऱ्याने एकीकडून दुसरीकडे निजत होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोड्या वेळाने मलाही पाणी दिसायला लागलं. आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत त्या पाण्यातून जात राहिलो. घरी आल्यावर सासूबाईंनी मला लुगड्याचा पदर चाचपून बघायला सांगितलं, ओला तर नाही ना म्हणून.

अशा माणसाला चार दिवसांचा ताप पुरला. हेदवीहून मी परत आले ती विष्णूंबरोबर, पायी आणि बैलगाडीने. दिवसकार्य झालं. सासूबाईंना सांगितलेलं होतंच. त्या रडल्या नाहीत, झोपाळ्याची कडी धरून बसायच्या, एवढंच. आम्ही सगळे एका गोष्टीला मनातून घाबरत होतो. मोटार मांगरात होती आणि वाऱ्याची दिशा फिरली की वास ओटीवर यायचा. त्या वासाने सासूबाई 'गणू' अशी हाक मारतील, आणि मग कुणी काय उत्तर द्यायचं? विष्णू म्हणाले, मोटार कुणाला तरी देऊन टाकू. बापूंनाही पटलं. हे मात्र उठून बागेत निघून गेले.

परवा दुपारी हे कुठे दिसेनात. वैशाख लागला, बागेत आंबा उतरवायची घाई, म्हणून मी फार चौकशी केली नाही. संध्याकाळी बघते तर मांगराकडून येतायत. कोपरापर्यंत हात तेलाने निथळतायत, धोतरावर डाग, अंगाला तो वास. दहा वर्षं त्या मोटारीला ज्यांनी धूड म्हणून शिव्या दिल्या, त्यांनी एकट्याने बसून तिला तेल पाजलं होतं. लाकूड तडकलं असतं, एवढंच मला म्हणाले. मी त्यांना खुणेने सांगत होते, मागच्या दाराने या, आई ओटीवर आहेत. पण ते पायऱ्या चढून वर आलेच. झोपाळा थांबला.

सासूबाई म्हणाल्या, "नाना, हात धोतराला पुसू नकोस. डाग जायचे नाहीत."

हे मान खाली घालून विहिरीकडे गेले. मला राहवेना. मी जवळ जाऊन बसले आणि विचारलं, आई, वास तर भावजींचा होता, तुम्ही ह्यांना कसं ओळखलंत? त्या म्हणाल्या, "वासाचं काय घेऊन बसलीस! गणू शेवटच्या पायरीवर जरा थांबतो. इवलासा होता तेव्हापासून थांबतो. कुणी आधी हाक मारतंय का बघतो आणि मग वर येतो."

म्हटलं, मग जन्मभर त्यांना नाना, बापू, विष्णू असं...

"तोंडाला येतील ती नावं घेतली गं. पाच जणांची आई मी, जीभ एक. त्या तेलाने नाव तेवढं नीट यायला लागलं. ओळख आधीपासूनच होती, त्याला कशाला मोटार लागते?"

त्या 'थांबतो' म्हणाल्या, 'थांबायचा' नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी उठले आणि पायऱ्यांशी गेले. सात पायऱ्या आहेत, जांभ्याच्याच. बाकीच्या मध्यावर झिजल्या आहेत, वरची एका कडेला जास्त झिजली आहे. इतकी वर्षं मीच ती सारवते, पण कधी पाहिलं नव्हतं. गणूभावजी त्या पायरीवर थांबून हाकेची वाट बघायचे आणि चार हातांवर बसलेल्या आईला ते थांबणं ऐकू यायचं. दोघांपैकी कुणी कुणाला ते सांगितलं नाही.